सोनोग्राफीत किडनीत ‘काहीतरी’ निघालंय? रिपोर्ट हातात आल्यावर काय काय बघायचं

पोटात गॅस धरतोय म्हणून, नाहीतर ऑफिसच्या हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये होती म्हणून सोनोग्राफी केली, लिव्हर ठीक, पित्ताशय ठीक, आणि खाली किडनीच्या ओळीत एक वाक्य ठळक अक्षरात आलंय. ‘सिंपल कॉर्टिकल सिस्ट’, ‘माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस’, ‘कॉर्टिकल इकोजेनिसिटी वाढलेली’, असलं काहीतरी. गॅस राहिला बाजूला आणि आता रात्रभर मोबाईलवर किडनी किडनी. त्या माणसासाठी हे लिहितेय.

मी डॉक्टर नाही, आधीच सांगते. सांगलीत एका सोनोग्राफी सेंटरला अकरा वर्षं रिपोर्ट टाईप करतेय. आत सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर मॅडम पोटावर प्रोब फिरवत फिरवत बोलतात आणि पडद्याच्या अलीकडे मी टाईप करते, त्यामुळे रिपोर्टमधला कुठला शब्द मॅडम सहज बोलून पुढे जातात आणि कुठल्या शब्दाला त्यांचा आवाज बदलतो हे आता कानाला कळतं. पेशंटला ते कळत नाही, त्याच्यासाठी कागदावर सगळेच शब्द सारखेच भीतीदायक.

आधी नाव, तारीख, बाजू

हसू नका, पहिली पायरी हीच. आमच्याकडे नॉर्मल रिपोर्ट आधीच तयार असतो, त्यात फक्त मापं आणि जे वेगळं दिसलं तेवढ्या ओळी बदलायच्या. दिवसाला तीसचाळीस पेशंट असले की घोळ होतो. एकदा माझ्याच हातून वर ‘उजवी’ आणि खाली इम्प्रेशनमध्ये, म्हणजे शेवटच्या निष्कर्षात, ‘डावी’ गेलं होतं, काका तसेच रिपोर्ट घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी फोन, खडा नक्की कुठल्या किडनीत आहे हो? तेव्हापासून मी प्रिंट काढायच्या आधी दोनदा वाचते, पण तुम्हीही वाचा. नाव, वय, तारीख, वरचं वर्णन आणि खालचं इम्प्रेशन जुळतंय का. जुळत नसेल तर त्याच दिवशी काउंटरवर जाऊन दुरुस्त करून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही, कुणी रागवत पण नाही.

मग किडनीचं माप

मोठ्या माणसाची किडनी साधारण ९ ते १२ सेंटीमीटर लांब असते. डावी जरा मोठी असते, उजवी लिव्हरखाली असल्याने जरा खाली असते. दोन्हींत सेंटीमीटरभर फरक असला तर तो आजार नाही, दीड-दोनच्या पुढे गेला तर मात्र डॉक्टर विचारात घेतात. बुटक्या, बारीक माणसाची किडनी मुळात लहान असते. आणि एक लक्षात घ्या, हे माप हाताने काढतात, स्क्रीनवर एका टोकाला एक क्लिक, दुसऱ्या टोकाला दुसरं क्लिक. प्रोब जरा तिरका झाला, पेशंटने श्वास नीट धरला नाही, की ९.६ चं ९.२ होतं. म्हणजे वर्षात किडनी ‘आक्रसली’ असं नाही. आठच्या आसपास किंवा खाली आलेली, कडा पातळ झालेली किडनी असेल तर गोष्ट वेगळी, ते जुनं दुखणं असू शकतं.

कधी कधी पन्नाशीच्या माणसाला पहिल्यांदाच कळतं की आपल्याला एकच किडनी आहे. जन्मतः एक नसणं साधारण हजारात एकाला असतं, आणि जी आहे ती दोघींचं काम करून जरा मोठी झालेली असते. घोड्याच्या नालेसारख्या खाली जोडलेल्या किडन्या साधारण पाचशेत एकाला. असं काही निघालं तर घाबरण्यापेक्षा ते कायम लक्षात ठेवायचं असतं, पुढे कुठलंही ऑपरेशन असो, प्रत्येक डॉक्टरला सांगायचं.

सिस्ट असेल तर शेजारचा शब्द बघा

सिस्ट म्हणजे पाण्याची गाठ. लोक ‘गाठ’ ऐकतात आणि पुढचं ऐकतच नाहीत. पण सिस्टच्या आधी ‘सिंपल’ लिहिलंय का ते बघा, कारण अख्ख्या ओळीत कामाचा शब्द तोच आहे. स्क्रीनवर सिंपल सिस्ट कशी दिसते सांगते, एकदम काळी गोल, आत काही नाही, भिंत इतकी पातळ की दिसेल न दिसेल, आणि तिच्या मागे उजळ पट्टा, कारण पाण्यातून आवाजाच्या लहरी आरामात पलीकडे जातात. पन्नाशी उलटली की हे इतकं कॉमन आहे की मॅडम ते बोलताना चहाचा घोट घेतात. केस पांढरे व्हावेत तसं. दुखत नाही, किडनीच्या कामात आडवी येत नाही, औषध नाही, पथ्य नाही, आणि खरं सांगायचं तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायचीही बहुतेकांना गरज नसते. फारच मोठी होऊन दुखायला लागली, किंवा कुठे दाब आला तर मग बघतात.

‘सिंपल’ऐवजी ‘कॉम्प्लेक्स’ असेल, किंवा आत जाड पडदे, भिंतीला लागून घट्ट भाग, आत गढूळ, कॅल्शियम, असं काही लिहिलं असेल तर सोनोग्राफीवर थांबायचं नाही. मग कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध, त्याने गाठ नीट उठून दिसते) घालून सीटी किंवा एमआरआय करतात आणि तिथे सिस्ट कितपत संशयास्पद आहे याचं बोस्नियाक नावाचं वर्गीकरण येतं. एका ताईंनी मला विचारलं होतं, बोस्नियातनं आलेला रोग आहे का? नाही हो, न्यूयॉर्कच्या डॉ. मॉर्टन बोस्नियाक यांनी १९८६ मध्ये ते मांडलं, २०१९ मध्ये त्यात सुधारणा झाली. वर्ग १ आणि २ म्हणजे सोडून द्या, २एफ म्हणजे काही काळ लक्ष ठेवा, ३ आणि ४ म्हणजे युरोलॉजिस्टकडे जा आणि रेंगाळू नका.

आणि दोन्ही किडन्यांत बऱ्याच सिस्ट असतील तर एक प्रश्न घरच्यांना विचारा, घराण्यात कुणाला किडनीचा आजार, डायलिसिस, कमी वयात बीपी, मेंदूतल्या रक्तस्रावाने मृत्यू असं काही? पॉलिसिस्टिक किडनी हा आजार आईवडिलांकडून येतो, एका पालकाला असेल तर प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी. घरात आजार असेल तर १५ ते ३९ वयात दोन्ही मिळून ३ सिस्टसुद्धा निदानाला पुरतात, ४० ते ५९ ला प्रत्येक किडनीत निदान २ लागतात, साठीनंतर प्रत्येकीत निदान ४. बघा म्हणजे, सत्तरीच्या आजोबांना दोन सिस्ट म्हणजे काहीच नाही आणि वडील डायलिसिसवर असलेल्या पंचविशीच्या पोराला तीन सिस्ट म्हणजे सगळं काही. नुसता सिस्टचा आकडा वाचून काही कळत नाही ते यासाठी.

‘किडनीला सूज’

हायड्रोनेफ्रोसिसला आपल्याकडे सर्रास ‘किडनीला सूज’ म्हणतात आणि मग लोकांना वाटतं किडनी फुगलीय, आता फेल होणार. तसं नाही. किडनीत लघवी जिथे जमते ती जागा रुंद दिसतेय, एवढाच त्याचा अर्थ. का रुंद झाली हा पुढचा प्रश्न.

आणि इथे आमच्या वेटिंगच्या बाकड्याची गोष्ट सांगायलाच हवी. खालच्या पोटाच्या सोनोग्राफीला लघवी भरलेली लागते म्हणून आम्हीच सांगतो, लिटरभर पाणी प्या आणि दाबून बसा. पुढे तीन पेशंट असतात, मध्येच एखादी इमर्जन्सी येते, माणूस दीड तास पाय आवळून बसतो, दोनदा येऊन ‘ताई अजून किती’ विचारतो, आणि मग आत गेल्यावर दोन्ही किडन्या जरा फुगलेल्या दिसतात! अहो दिसणारच. पिशवी गच्च भरली की लघवी मागे तुंबते. आमच्या मॅडम अशा वेळी पेशंटला लघवी करून यायला सांगतात आणि परत बघतात, दहातल्या बऱ्याच जणांची ‘सूज’ बाथरूममध्येच उतरलेली असते. सगळीकडे एवढा वेळ देतात असं नाही. म्हणून रिपोर्टमध्ये ‘माइल्ड’ असेल आणि तुम्ही तेव्हा लघवी दाबून बसला होता, तर विचारा, लघवी केल्यानंतर परत बघितलं होतं का.

गरोदर बाईला, विशेषतः उजव्या बाजूला, थोडी सूज दिसणं नेहमीचं आहे. काहींची लघवी जमायची ती जागा जन्मापासूनच किडनीच्या बाहेर आणि जरा ऐसपैस असते, त्याला एक्स्ट्रारीनल पेल्व्हिस म्हणतात, तो आजार नाही. मधोमध असलेल्या सिस्टही सुजेसारख्या दिसून फसवतात. पण लघवी करूनही सूज तशीच असेल, मध्यम किंवा जास्त असेल, तर वाट कुठे अडलीय ते शोधावंच लागतं, खडा, अरुंद नळी, पुरुषांत प्रोस्टेट. प्रोस्टेटवाल्यांनी लघवी केल्यावर पिशवीत किती उरते तो आकडाही बघायचा, रिपोर्टमध्ये पीव्हीआर म्हणून असतो.

एक गोष्ट मात्र उद्यावर टाकायची नाही. सूज आहे, कुशीत दुखतंय आणि थंडी वाजून ताप आलाय, हे तिन्ही एकत्र असेल तर थेट हॉस्पिटल. अडलेल्या लघवीत इन्फेक्शन झालं की ते फार वेगाने वाढतं.

मुतखडा

यावर घरोघरी इतके तज्ज्ञ आहेत की मी थोडक्यात आवरते. न दुखणारा ३-४ मिलीमीटरचा खडा किडनीत दिसला तर बहुतेकदा नुसतं बघत राहतात. सोनोग्राफीत छोट्या खड्याचं माप जरा मोठंच येतं, आणि कधी कधी खडा नसलेला उजळ ठिपकाही खडा वाटतो, खरा खडा असेल तर मागे काळी सावली पडते. त्यामुळे मागच्या वर्षी ३, यंदा ५, म्हणजे वाढलाच असं नाही. नक्की माप हवं असेल, ऑपरेशनचा निर्णय असेल, तर साधा, कॉन्ट्रास्ट न घालता सीटी करतात. नळीत उतरलेला ५ मिलीमीटरच्या आतला खडा बहुतेकांचा आपोआप पडतो.

दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या, नुसतं दोन लिटर पाणी नव्हे, कारण आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये निम्मं घामातच जातं. मीठ कमी. दूध बंद करू नका, जेवणातलं कॅल्शियम उलट खडे करणाऱ्या ऑक्सलेटला आतड्यातच पकडून ठेवतं. हुलग्याचं कढण प्या हवं तर, त्यात पाणी आहेच. पण ओळखीच्याने दिलेली पुडी, ज्यात काय आहे कुणालाच माहीत नाही, ती नको.

इकोजेनिसिटी वाढलीय, सीएमडी मेंटेन्ड, ग्रेड १

आता या ओळीवर मला जास्त बोलायचंय, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, दोन्ही बाजूंनी.

सोनोग्राफीत किडनीची बाहेरची कड ही शेजारच्या लिव्हरपेक्षा जरा काळपट किंवा तेवढ्याच रंगाची दिसते. ती लिव्हरपेक्षा उजळ दिसली की लिहितात इकोजेनिसिटी वाढली. आणि कड व आतला भाग वेगवेगळे ओळखू येतात का, ते म्हणजे सीएमडी. ओळखू येत असतील तर ‘मेंटेन्ड’. गंमत अशी की तुलना लिव्हरशी आहे, आणि हल्ली दर दुसऱ्या रिपोर्टमध्ये फॅटी लिव्हर. चरबीने लिव्हरच उजळ झालं तर तिच्या शेजारी किडनी काळीच दिसणार, मग उजळलेली किडनीसुद्धा नॉर्मल वाटू शकते. मशीनचं सेटिंग, पोटावरची चरबी, बघणाऱ्याची नजर, सगळं यात येतं. म्हणून ग्रेड १ (उजळपणाची पहिली पायरी) वाचून ‘किडनी पहिल्या स्टेजला खराब’ असा अर्थ काढू नका. ही ग्रेड वेगळी आणि किडनीच्या आजाराची स्टेज वेगळी. स्टेज रक्त-लघवीवरून ठरते.

सोनोग्राफी किडनी कशी दिसते ते सांगते, कशी चालते ते सांगत नाही. चालते कशी हे दोन साध्या तपासण्या सांगतात. एक, रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून येणारा आणि किडनीने बाहेर टाकायचा कचरा, आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज. दोन, लघवीची रुटीन तपासणी आणि सोबत लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, लॅबवाले एसीआर म्हणतात, अल्ब्युमिन म्हणजे एक प्रोटीन.

नुसतं क्रिएटिनिन बघून ‘रेंजमध्ये आहे’ म्हणून कागद ठेवून देऊ नका. उदाहरण देते. क्रिएटिनिन १.१. पंचवीस वर्षांच्या पोराचं असेल तर हल्लीच्या सूत्राने ईजीएफआर ९५ च्या आसपास येतो, उत्तम. तेच १.१ सत्तर वर्षांच्या आजींचं असेल तर ५४ च्या आसपास. आकडा तोच, लॅबच्या कागदावर दोघांनाही कदाचित ठळक अक्षर नाही, पण आजींच्या अंगात मांसच कमी, त्यामुळे त्यांचं क्रिएटिनिन मुळात कमी असायला हवं होतं. ईजीएफआर ६० च्या खाली, किंवा एसीआर ग्रॅममागे ३० मिलीग्रॅमच्या वर, आणि हे तीन महिन्यांहून जास्त टिकलं, तर त्याला क्रॉनिक किडनी डिसीज म्हणतात. एकदा वाढलेला एसीआर तापाने, लघवीच्या इन्फेक्शनने, पाळीमुळे, आदल्या दिवशी जोरात व्यायाम केल्याने पण येतो, म्हणून परत करायचा, सकाळच्या पहिल्या लघवीचा.

आणि उलट बाजू. शुगर किंवा बीपी असलेला माणूस ‘सोनोग्राफी नॉर्मल आली’ म्हणून पेढे वाटतो. डायबेटिसमध्ये सुरुवातीला किडनी अगदी नॉर्मल दिसते, कधी तर नेहमीपेक्षा मोठी दिसते, आणि प्रोटीन मात्र लघवीतून जायला लागलेलं असतं. अशा लोकांनी वर्षातून एकदा या दोन तपासण्या करायच्याच, सोनोग्राफी काही का म्हणेना. या दोन तपासण्यांसाठी नाक मुरडणारी माणसं त्याच आठवड्यात ‘फुल बॉडी’ पॅकेजला हजारो घालवताना मी बघितलीत, असो.

‘सॉलिड’ हा शब्द

या शब्दाला मॅडमचा आवाज बदलतो. सॉलिड म्हणजे आत पाणी नाही, घट्ट काहीतरी आहे. पण इथेही लगेच कॅन्सरवर जाऊ नका. बर्टिनचा कॉलम म्हणून किडनीचाच एक जाडसर भाग असतो तो गाठीसारखा दिसतो, डाव्या किडनीला प्लीहेच्या दाबाने उंटासारखा फुगवटा येतो, ही किडनीचीच ठेवण.

एकदम पांढरा, उजळ गोल दिसला तर बहुधा लिहितात एएमएल, म्हणजे अँजिओमायोलायपोमा, चरबी, स्नायू आणि रक्तवाहिन्या मिळून झालेली साधी गाठ, बायकांत जास्त. छोटी असेल तर नुसतं लक्ष ठेवतात, ४ सेंटीमीटरच्या पुढे गेली की आतल्या आत रक्तस्रावाची भीती वाढते म्हणून उपचाराचा विचार करतात. पण काही छोटे कॅन्सरही असेच उजळ दिसतात, म्हणून आत खरंच चरबी आहे का हे एकदा सीटी किंवा एमआरआयवर बघून घेतलेलं बरं.

‘हेटेरोइकोइक’, ‘व्हॅस्क्युलॅरिटी’, ‘एक्सोफायटिक’ असे शब्द सॉलिडसोबत आले की कॉन्ट्रास्ट सीटी आणि युरोलॉजिस्ट, याच आठवड्यात. आत्याला सांगू, मामांना विचारू, दिवाळी झाल्यावर बघू, असं नको. किडनीचा कॅन्सर हल्ली बहुतेक असाच दुसऱ्याच कशाला तरी केलेल्या तपासणीत सापडतो, दुखत नसताना, लहान असताना. ४ सेंटीमीटरच्या आत असेल तर पुष्कळदा तेवढाच भाग काढून किडनी वाचवता येते, फार वयस्कर माणसात तर नुसतं लक्षही ठेवतात, आणि काढलेल्या छोट्या गाठींपैकी काही साध्याच निघतात. सीटीला जाताना क्रिएटिनिनचा रिपोर्ट न्या, शुगरची मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल तर सांगा.

कुणाकडे जायचं, काय घेऊन जायचं

आधी तुमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे. त्यांनी पाठवलं तर खडा, अडथळा, गाठ, प्रोस्टेट यासाठी युरोलॉजिस्ट, ते ऑपरेशन करतात. क्रिएटिनिन, प्रोटीन, बीपी, इकोजेनिसिटी, पॉलिसिस्टिक यासाठी नेफ्रोलॉजिस्ट. लोक याची उलटापालट करतात आणि दोन फिया भरतात.

गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या पेनकिलरच्या गोळ्या, भस्मं, जिमची पावडर, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा. आणि लघवीतून रक्त गेलं असेल, एकदाच, न दुखता, आपोआप थांबलं असलं तरी सांगा. हे लपवतात लोक, का कुणास ठाऊक. लघवीला सतत फेस, सकाळी डोळ्याखाली सूज, पायावर सूज, हेही.

आणि जुने रिपोर्ट. ‘मागचा रिपोर्ट आणलाय का’ हा प्रश्न मी दिवसातून तीस वेळा विचारते आणि पंचवीस वेळा उत्तर ‘घरी आहे’. मागच्या चार वर्षांत तेवढीच असलेली गाठ आणि सहा महिन्यांत दुप्पट झालेली गाठ यांत जमीनअस्मानाचा फरक, पण तो दिसणार कसा, कागद घरी कपाटात. त्यात रिपोर्टला जोडलेले ते गुळगुळीत कागदावरचे काळेपांढरे फोटो उष्णतेने काही वर्षांत उडून जातात, आणि त्यावर प्लॅस्टिकची फाईल घालून गच्चीखालच्या माळ्यावर ठेवली की उन्हाळ्यात उरलंसुरलंही जातं. घरी पोचल्यावर आधी मोबाईलमध्ये रिपोर्टचा आणि त्या फोटोंचा, तारीख दिसेल असा, फोटो काढा आणि घरातल्या अजून एकाला पाठवून ठेवा.